हळदीचं गाणं सुरू झालं की बाहेर

सिनेमागृहात येणारी माणसं सिनेमा सोडून बाकी सगळं करतात, असं माझं मत आहे. ते मी घरी, बागेतल्या बाकावर आणि एकदा एका बारशातही सविस्तर मांडलेलं आहे. शेवटचा सिनेमा बघितला तेव्हा माझ्या मागचे गृहस्थ बायकोला पुढचा प्रसंग आधीच समजावून सांगत होते आणि पुढचे गृहस्थ फोनवरून कोरेगावचा एक प्लॉट विकत होते. त्या सिनेमातलं मला आज काहीही आठवत नाही. प्लॉटला पूर्वेकडून रस्ता आहे, हे मात्र पक्कं आठवतं.

तेव्हापासून मी सिनेमाला जाणं सोडलं. माझ्या बायकोच्या, म्हणजे उमाच्या मते, त्यामुळे सिनेमा धंद्याचं काही बिघडलं नाही. साताऱ्यात आमच्या चौकातलं जुनं टॉकीज बंद होऊन तिथं मंगल कार्यालय झालं, त्याचाही माझ्या रुसण्याशी संबंध नसावा. सिनेमा घरातल्या टीव्हीवर येतो, मोबाईलवर येतो, मग कपडे बदलून बाहेर जायचं कशाला, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणत होतो, धैर्यशीलचा फोन येईपर्यंत.

धैर्यशील हा कुंडलचा माझा विद्यार्थी. मी तिथल्या प्राथमिक शाळेत बरीच वर्षं होतो. त्याचे वडील आकाराम माझे मित्र, शेती उसाची. हा मुलगा पुण्यात नाटकं करतो. मालिकांमध्ये दार उघडणे, चहाचा ट्रे आणून ठेवणे आणि 'साहेब आले' असं सांगणे, एवढी कामं त्यानं आजवर केली होती. आता त्याला सिनेमात मोठं काम मिळालं होतं. नायकाचा जिवलग मित्र.

"गुरुजी," तो म्हणाला, "सिनेमा साताऱ्यात लागलाय. आईला दाखवायचाय. आप्पांना जमंना, उसाला तोड आलीया. तुमी न्याल का?"

"अरे, न्याल का काय विचारतोस? वहिनींना उद्याच्या एसटीत बसव."

"न्हाई, पण एक अडचण हाय."

"कसली?"

"मी मरतोय."

मी खुर्चीत बसलो. "काय म्हणालास?"

"इंटरव्हलनंतर. सिनेमात, गुरुजी."

नायकाचा मित्र सिनेमात जरा जास्त हसायला लागला की तो उत्तरार्धात टिकत नाही, एवढं मलाही माहीत आहे. पण अडचण काय ते माझ्या लक्षात येईना. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. पूर्वी तो तालमीत जायचा. एकदा कुस्तीत त्याचा खांदा निखळला. तो घरी आला, आईनं खांदा बघितला आणि तिथल्या तिथं स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, पुन्हा तालमीची पायरी चढायची नाही. त्यानं ती आजतागायत चढलेली नाही. आता तालमीवरून त्याचा रस्ता जातो तेव्हा तो समोरच्या बाजूनं चालतो.

"आईनं मला उसाच्या फडात रक्ताळून पडल्याला बघितला की झालं. शपथ घालणार बगा. मग मला परत यावं लागंल आणि ऊस लावावा लागंल. आत्ता कुठं लोक मला बोलवाया लागल्यात, गुरुजी."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

त्यानं बेत तयारच ठेवला होता. उत्तरार्धात नायकाच्या हळदीचं गाणं आहे. ते संपलं की गुंड धैर्यशीलला उसाच्या फडात गाठतात. तेव्हा हळदीचं गाणं सुरू झालं की वहिनींना काहीतरी निमित्त काढून बाहेर आणायचं, चहा पाजायचा आणि सिनेमा संपला म्हणून सांगायचं.

"संपला म्हणून सांगायचं? खोटं?"

"एवढंच, गुरुजी."

आयुष्यभर मी मुलांना नेहमी खरं बोलावं असं शिकवलं. पण आपल्याच विद्यार्थ्याचं पोट आणि त्याच्या आईचं काळीज एकाच बाकावर येऊन बसलं की काय करायचं, हे कुठल्याच पाठात नव्हतं. मी हो म्हणालो.

उमाला बेत सांगितला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यापेक्षा मनुवहिनींना आधीच खरं सांगा ना. सिनेमात मरतो, खराखुरा नाही म्हणून."

"तुला त्यांची शपथ माहीत नाही."

"आणि तुम्हाला त्यांना सिनेमातून उठवता येणार आहे?"

"का नाही? मी चाळीस-चाळीस पोरांना एका शिट्टीत उठवलंय."

"त्यांना उठायचंच होतं," उमा म्हणाली.

*

मल्टिप्लेक्समध्ये चौकशी केली तेव्हा कळलं की ह्या सिनेमाचा दिवसात एकच खेळ आहे, सकाळचा. शिवाय तोही लागेलच असं नाही. व्यवस्थापक विश्वजित नावाचा हसतमुख मुलगा होता.

"काका, पब्लिक आलं तर शो लावतो. नाही आलं तर कॅन्सल."

"पण शो लागणार की नाही हे माहीत नसताना पब्लिक येईल कसं?"

"बरोबर आहे काका."

"आणि पब्लिक आलंच नाही तर शो आहे हे कळणार कसं?"

"बरोबर आहे काका."

प्रत्येक तक्रारीवर 'बरोबर आहे काका' म्हणायचं, असं त्यांना बहुतेक शिकवलेलं असावं. हे शिकवणारा माणूस मला भेटला तर मी त्याचा सत्कार करीन. त्या तीन शब्दांपुढे भांडण टिकत नाही. मी भांडायला गेलो होतो, आभार मानून परत आलो.

म्हणजे आता प्रेक्षक मलाच गोळा करावे लागणार होते. ज्यांच्यामुळे मी सिनेमा सोडला, अशाच माणसांच्या दारात जाऊन 'सिनेमाला चला हो' असं म्हणण्याची वेळ माझ्यावर आली.

सगळ्यात आधी शेजारचे निवृत्त सुभेदार कृष्णात. हे गृहस्थ कुजबुजले तरी पोवई नाक्यावर ऐकू जातं. तोफखान्यात होते, त्यामुळे समोरच्याला कमीच ऐकू येतं असं ते गृहीत धरतात.

"सिनेमा?" सुभेदार म्हणाले. "आवं गुरुजी, म्हैन्याभरात मोबाईलवर येतोय की. पाय पसरून बघा. मधी उठून पाणी प्या. थेटरात काय हाय?"

"सगळ्यांनी मिळून बघण्यात मजा असते, सुभेदार."

"तुमीच म्हणत हुता की लोक लय तरास देत्यात म्हणून. बारशात म्हणाला हुता."

माझंच वाक्य मला परत मिळालं. शेवटी कुंडलच्या पोराचं काम आहे म्हटल्यावर ते तयार झाले. त्यांच्या बहिणीचं सासर कुंडलजवळ आहे. आपल्याकडे एवढं नातं पुरतं.

दुसऱ्या राजेश्वरीताई. यांना कुठल्याही ठिकाणी गेलं की स्वतःचा व्हिडिओ काढायचा असतो. दवाखान्यातल्या रांगेतलाही त्यांनी काढलेला आहे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आत उजेड असतो का हो?" नसतो म्हटल्यावर त्या हिरमुसल्या, पण येते म्हणाल्या. मग त्यांच्या भिशीतल्या बायका. आणि माझ्याकडे संध्याकाळी अभ्यासाला येणारी कॉलनीतली मुलं. मुलांच्या आयांनी आनंदानं परवानगी दिली. रविवारची सकाळ पोरं घराबाहेर असणार, यापुढे सिनेमा कुठला, असा प्रश्न एकीनंही विचारला नाही.

मुलांपैकी बऱ्याच जणांनी सिनेमागृह आतून बघितलेलंच नव्हतं. सिनेमा म्हणजे हातात धरायची वस्तू, नको तिथं बोटानं पुढं ढकलायची, अशी त्यांची समजूत. तेव्हा मी वर्ग घेतला. घरातल्या खुर्च्या ओळीनं मांडल्या, पडदे ओढले आणि भिंतीकडे तोंड करून सगळ्यांना बसवलं. बोलायचं नाही. फोन नाही. पुढच्या खुर्चीला पाय लावायचा नाही. मधेच उठायचं नाही, उठावं लागलंच तर वाकून जायचं, म्हणजे मागच्याला पडदा दिसतो.

चौथीतली ओवी शंकाखोर आहे. "गुरुजी, हसायला आलं तर?"

"हसायचं. हसून झालं की थांबायचं."

"आणि रडायला आलं तर?"

"आपापलं रडायचं."

"आणि शेजारचा बोलायला लागला तर?"

"त्याला हळूच, प्रेमानं म्हणायचं, शूऽऽ. तो मोठा माणूस असला तरी."

हे शेवटचं वाक्य मी विचार न करता बोललो.

वर्गाला सुभेदारही आले होते. भिंत बघता बघता त्यांना झोप लागली आणि ते घोरायलाही लागले. मुलांनी ताबडतोब वाकून, प्रेमानं, 'शूऽऽ' केलं. मला फार समाधान वाटलं. शिकवलेलं इतक्या लवकर क्वचितच उगवतं.

*

मनुवहिनी आदल्या दिवशी आल्या. पिशवीत हरभऱ्याचे डहाळे, गूळ आणि आमच्यासाठी धपाटी. सकाळी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, नाकात नथ घातली. पोराच्या लग्नाला निघाल्यासारख्या दिसत होत्या. आणि मी त्यांना लग्नातून मधेच उठवून आणणार होतो.

मल्टिप्लेक्सच्या दारात पिशव्या तपासतात. संयोगिता नावाची एक तरतरीत सुरक्षारक्षक मुलगी होती. तिनं वहिनींच्या पिशवीतून एक पुरचुंडी काढली. मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या.

"आजी, बाहेरचं खायचं चालत नाही."

"खायाचं न्हाई बाई हे. पोराची दिष्ट काढायची हाय."

"पोरगं कुठं आहे?"

"आत. पडद्यावर."

संयोगितानं नियमावलीच्या फलकाकडे बघितलं. तिथं खाद्यपदार्थ, पाण्याच्या बाटल्या, धारदार वस्तू आणि गुटखा एवढंच होतं. पडद्यावरच्या माणसाची दृष्ट काढण्याबद्दल कुणी विचार केलेला दिसला नाही. तिनं विश्वजितला बोलावलं. मी त्याला समजावलं की मिरच्या कोरड्या खाल्ल्या जात नाहीत, म्हणजे हे खाद्य ठरत नाही.

"बरोबर आहे काका. पण आत जाळणार नाहीत ना?"

"ते लाह्यांचं मशीन पेटलंय की," वहिनी पॉपकॉर्नकडे बोट दाखवून म्हणाल्या. "त्यात टाकू."

विश्वजितचं हसू पहिल्यांदाच मावळलं. शेवटी संयोगितानंच तोड काढली. बाहेर सिनेमाचं मोठं पोस्टर होतं, त्याच्यासमोर दृष्ट काढायची, आणि पुरचुंडी तिच्या स्वाधीन करायची, ती घरी गेल्यावर शेगडीवर टाकेल. पोस्टरवर फक्त नायक, नायिका आणि एक ट्रॅक्टर होता. धैर्यशील नव्हताच.

"ह्यांच्या मागं कुठंतरी उभा असंल," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ट्रॅक्टरवरून मीठ-मोहरी उतरवली. राजेश्वरीताईंनी त्याचा व्हिडिओ काढला. भिशीच्या बायकांनी हात जोडले. तिकीट काढायला आलेलं एक कॉलेजातलं जोडपं हे बघून आमच्याच सिनेमाला आलं. शो पक्का झाला.

आत गेलो. मी वहिनींच्या शेजारी बसलो, कडेची खुर्ची धरून, म्हणजे बाहेर पडायला सोपं. उमा पलीकडे. तिकिटं तिच्या पर्समध्ये. मागे सुभेदार, पुढच्या ओळीत मुलं, पाठ ताठ, हात मांडीवर. सगळं माझ्या मनाप्रमाणे होतं.

सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात धैर्यशील ट्रॅक्टर चालवत पडद्यावर आला. एवढा मोठा! त्याच्या नाकपुडीत आमची अख्खी ओळ मावली असती.

"आरं, वाळलास की रं!" वहिनी मोठ्यानं म्हणाल्या.

"शूऽऽ," ओवीनं वाकून, प्रेमानं म्हटलं.

"आगं, खात न्हाई गं त्यो तिकडं. बघ की गळ्याची हाडं."

मागून सुभेदार कुजबुजले, म्हणजे सगळ्या हॉलला कळलं, "मनुबाय, क्यामेऱ्यात बारीकच दिसायचं असतंय. तसा नियमच हाय."

"शूऽऽ," मुलं एकसुरात.

कॉलेजातलं जोडपं खो खो हसायला लागलं. एरवी मी चिडलो असतो. पण खरं सांगायचं तर पोरगा फार छान काम करत होता. तो विनोद करायचा, हॉल हसायचा, आणि वहिनी दर वेळी उजवीकडे-डावीकडे बघून कोण कोण हसलं ते तपासायच्या. एकदा भिशीतल्या एक बाई हसल्या नाहीत, तर वहिनींनी त्यांना कोपरानं ढोसून विनोद समजावून सांगितला. माझं सगळं लक्ष हळदीच्या गाण्याकडे होतं.

मध्यंतर झालं, लाह्या झाल्या, पुन्हा अंधार झाला. आणि ढोल वाजला. पडद्यावर मांडव, पिवळं पाणी, बायका. हळद!

मी वाकलो. "वहिनी, चला, जरा चहा घेऊन येऊ."

"आत्ता? तुमी घ्या जावा."

"एकट्यानं बरं दिसत नाही."

"गुरुजी, त्यो बघा! नाचतोय!"

आणि खरंच, नायकाला हळद लावत धैर्यशील बेभान नाचत होता. हे त्यानं मला सांगितलंच नव्हतं. ज्या गाण्यात पोरगा नाचतोय, त्या गाण्यातून आईला उठवायचं, असा बेत फक्त मुलगाच करू शकतो. नट लोकांना आपण कुठं मरतो तेवढं लक्षात राहतं, असं दिसतं.

तेवढ्यात भिशीच्या बायका उठून नाचायला लागल्या. राजेश्वरीताईंनी फोनचा उजेड पाडला आणि पडद्याकडे पाठ करून व्हिडिओ सुरू केला. मुलांनी माझ्याकडे बघितलं. नाचायचं की नाही हे वर्गात घेतलंच नव्हतं. मी मान हलवली, ती त्यांना होकारार्थी वाटली, आणि ती सगळी वाकून, मागच्याला पडदा दिसेल अशा बेतानं, नाचायला लागली.

गाणं संपत आलं होतं. मला दुसरं काही सुचेना. मी डोकं धरलं आणि म्हणालो, "वहिनी, मला चक्कर येतेय. जरा बाहेर न्या."

वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागे वळून म्हणाल्या, "सुभेदार, गुरुजींना घिरी आलीया. बाहीर न्या जरा."

"कुणाला घिरी?" सुभेदार अशा आवाजात म्हणाले की ढोल क्षणभर कमी झाल्यासारखा वाटला. आणि पुढच्या क्षणी मी हवेत होतो. सैन्यात जखमी माणसाला खांद्यावर कसं टाकतात हे त्यांनी मला पूर्वी नुसतं तोंडी सांगितलं होतं. "सुभेदार, खाली ठेवा, मी बरा आहे," मी म्हणत होतो. "सगळे असंच म्हणत्यात," ते म्हणाले. जाता जाता मला उमा दिसली. तिचं तोंड पडद्याकडे होतं आणि ती टाळ्या वाजवत होती. नवऱ्याला उचलून नेत आहेत, हे तिच्या गावीही नव्हतं.

बाहेर सुभेदारांनी मला सोफ्यावर आडवं केलं, पाय वर करून हाताच्या टेकणावर ठेवले, शर्टाची वरची बटणं सोडली आणि माझ्या तोंडावर पाणी मारलं. पॉपकॉर्नच्या रांगेतली माणसं गोळा झाली. त्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी निघाली. कडेवर मूल होतं. ती मुलाला म्हणाली, "हे आईचे गुरुजी." मुलानं माझ्या वर केलेल्या पायांकडे बघितलं.

"सुभेदार, मला काहीही झालेलं नाही! आत वहिनी आहेत. तिथं आता धैर्यशीलला मारणार आहेत!"

"डोक्याकडं रक्त कमी पडलंय," सुभेदार विश्वजितला म्हणाले.

"बरोबर आहे काका," विश्वजित म्हणाला. "ॲम्ब्युलन्स बोलावू का?"

मी सोफ्यावरून उडी मारली. सुटी बटणं, ओला शर्ट, एका पायात चप्पल, अशा थाटात मी दाराकडे धावलो. संयोगिता आडवी आली. "काका, तिकीट?"

"बायकोच्या पर्समध्ये. बायको आत आहे."

"नाव सांगा, बोलावते."

"बोलावू नका! ती सिनेमा बघतेय!" हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं, मला माहीत नाही. "पोरी, ऐक. ज्या पोराची दृष्ट काढू दिलीस ना, त्याला आत मारतायत, आणि त्याची आई बघतेय."

संयोगिता एका क्षणात बाजूला झाली.

आत काळोख. पडद्यावर रात्र आणि उसाचा फड, नुसती पानांची सळसळ. मला आमची ओळ दिसेना. मी फोनचा उजेड लावला. तो थेट कॉलेजच्या जोडप्याच्या तोंडावर पडला. "ओ काका!" मी वळलो, कुणाच्या तरी पायावर पाय दिला, आमची समजून चुकीच्या ओळीत शिरलो आणि एका खुर्चीवरच्या लाह्या सांडल्या. पडद्यावर गुंडांनी धैर्यशीलला घेरलं. सगळा हॉल श्वास रोखून होता. आणि त्या शांततेत माझा फोन वाजला. आवाज पूर्ण मोठा. उजेड लावलेलाच असल्यामुळे सगळ्यांना मी कोण ते नीट दिसलं.

"गुरुजी," धैर्यशील, "आई बाहेर हाय न्हवं?"

"अरे, नाही!" मी ओरडलो. "तू नाचतोस हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"शूऽऽऽ!" मुलं. मागून, पुढून, बाजूनं. ओवी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, वाका!"

मी वाकलो. सिनेमागृहात माणसानं जे जे करू नये असं मी आजवर सांगत आलो, ते सगळं माझं एका मिनिटाच्या आत करून झालं होतं. प्लॉट विकायचा तेवढा राहिला.

वाकून, जवळजवळ रांगत, मी आमच्या ओळीपर्यंत पोचलो. पडद्यावर धैर्यशील उसाच्या सरीत कोसळला होता. शर्ट लाल. डोळे मिटलेले. मी वहिनींच्या समोर उभा राहिलो, पडदा झाकला जावा म्हणून दोन्ही हात पसरले.

"वहिनी, बघू नका. हे खरं नाही. रंग असतो तो. चला बाहेर, सिनेमा संपला."

वहिनींनी माझा ओला शर्ट धरला आणि मला बाजूला ओढलं.

"गुरुजी, खाली बसा की वो. माझं पोर मरतंय, बघू द्या."

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती तिथं, जमिनीवर. कुणीही शूऽऽ केलं नाही. सुभेदार दारात येऊन उभे होते. भिशीच्या बायका पदर तोंडाला लावून होत्या. ओवी नियमाप्रमाणे आपापलं रडत होती. राजेश्वरीताईंचा फोन मांडीवर पालथा पडलेला होता. इतकी माणसं एकत्र इतकी गप्प मी किती वर्षांत बघितली नव्हती. घरी टीव्हीपुढं एवढी शांतता मिळत नाही, तिथं निदान कुकरची शिट्टी तरी होते.

कॅमेरा धैर्यशीलवर बराच वेळ थांबला. वहिनी पुढं झुकून एकटक बघत होत्या, डोळे बारीक करून. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. शपथ आता निघेल, मग निघेल. माझ्या हातातला फोन अजून चालूच होता आणि त्यातून अगदी बारीक आवाज येत होता, "गुरुजी? गुरुजी, आई काय म्हणती?"

दृश्य बदललं. वहिनींनी पाठ खुर्चीला टेकली, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे हात केला. "द्या त्यो."

मी फोन दिला. तिथंच, सिनेमा चालू असताना, भर हॉलमध्ये. त्यांना फोनवर हळू बोलता येत नाही. कुंडलहून पुण्याला आवाज पोचायचा तर जोर लावावा लागतो, असं त्या मानतात.

"धैर्या! बघितलं तुला. ... व्हय, सगळं बघितलं. गुरुजी मधी उबं राहिलं हुतं, पन सरकवलं त्यास्नी." हॉल ऐकत होता. नायक पडद्यावर सुडाची भाषा करत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "आरं, कशाला शपथ घालू? तालमीत तुझा खांदा मोडला हुता, लागलं हुतं तुला. हितं कुठं लागलंय? रंगच की त्यो. आनि ऐक. बारका असताना शाळा चुकवाया तू उसात मेल्यागत पडायचास, ध्येनात हाय? मी हुडकत यायचे. तवा पोट हलायचं तुझं. खालीवर, खालीवर. त्यावरनं सापडायचास. आज मी टक लावून बघत हुते. न्हाई हललं."

शाळा चुकवण्याचा हा प्रकार माझ्या कारकिर्दीतला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. पण ती वेळ तक्रारीची नव्हती.

पलीकडून काहीच आवाज येईना. वहिनींनी फोन कानापासून लांब धरून बघितला, पुन्हा कानाला लावला.

"आरं, बोल की. तितंबी पडलास व्हय मरून?"